डोच्कलची

आमच्या घरात ओवा या शब्दाला दोन अर्थ होते. एक मसाल्याच्या कपाटातला, पोट दुखायला लागलं की आई तळहातावर चोळून चावायला द्यायची तो. आणि दुसरी ओवा म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी कापडानं झाकलेलं ताट हातात घेऊन आमच्या मागच्या दारात उभी राहणारी एक उंच, पिंगट केसांची, घामानं लाल झालेली बाई. तिचं पूर्ण नाव यार्मिला डोच्कलोवा. काकानं ते पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर उच्चारलं तेव्हा आईच्या कानाला नुसता शेवट लागला. "कोण ओवा?" तिनं विचारलं, आणि बाबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. तेव्हापासून ती पाठीमागे ओवाबाई झाली. समोर मात्र आई तिला उर्मिला म्हणायची. यार्मिला हे नाव आपल्या उर्मिलेचंच त्यांच्याकडचं रूप असणार अशी आईची खात्री होती, आणि तिलाही ते आवडलं असावं, कारण तिनं एकदाही ते दुरुस्त केलं नाही.

आज ह्यूस्टनजवळचं शुगर लँड म्हटलं की लोकांना डॉक्टर आणि ऑइल कंपन्यांतले इंजिनीयर यांची मोठमोठी घरं, देवळं आणि मराठी मंडळाचे गणपती आठवतात. आम्ही आलो तेव्हा तिथं साखरेचा कारखाना होता, रेल्वेचे रूळ होते आणि कारखान्यातल्या लोकांची लाकडी घरं होती. त्यातल्या एका घरात मधुकाका राहायचा. बाबांचा धाकटा भाऊ. आमच्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्यातली नोकरी सोडून तो लुइझियानात साखरेचंच शिक्षण घ्यायला आला होता आणि मग इथल्या लॅबमध्ये लागला होता. त्याच्या मागोमाग बाबांना ह्यूस्टनला तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, आणि जयसिंगपूरहून आई, बाबा आणि मी थेट काकाच्या दारात येऊन उतरलो. मी तेव्हा मराठी शाळेतली सातवी अर्धी टाकून आले होते. त्या घराच्या आठवणीत सगळ्यात आधी येतो तो वास. वारा कारखान्याकडून असला की गुळाच्या काहिलीसारखा गोड, करपट वास खिडक्यांतून आत यायचा, आणि आई डोळे मिटून म्हणायची, "गुऱ्हाळ लागलंय बघ." त्या वासात साखर गाळायला वापरतात तो हाडांचा कोळसाही असतो हे काकाला माहीत होतं. पण आई शुद्ध शाकाहारी, म्हणून त्यानं तिला ते कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि वर शपथ घातली. कुणाचं मन दुखेल असं काही बोलायचंच नाही, हा त्याचा स्वभाव होता. मी त्या वेळी त्याला चांगुलपणाच समजत होते. आताही तसंच समजते, पण पूर्वीइतक्या खात्रीनं नाही.

लॅबमध्ये मधुकर या नावाचं लोकांनी मॅडी करून टाकलं होतं, आणि यार्मिलाचं जेरी. ती चेकोस्लोव्हाकियातल्या मोराविया प्रांतातली. तिकडे बिटाची साखर करतात, आणि ती तसल्याच एका कारखान्यात केमिस्ट होती. तिच्या देशात परके रणगाडे शिरले त्या उन्हाळ्यात ती व्हिएन्नाला गेलेली होती, ती परत फिरलीच नाही. टेक्सासमध्ये चेक वंशाचे शेतकरी पुष्कळ, त्यातल्या कुणा लांबच्या मावशीनं तिला बोलावून घेतलं. मावशी लांबच्या गावी होती, म्हणून कारखान्याजवळ ती एका खोलीत भाड्यानं राहायची. अख्ख्या कारखान्यात तिला पूर्ण डोच्कलोवा म्हणणारा, आणि तेसुद्धा शेवटचा 'वा' तिच्यासारखा लांबवून म्हणणारा, एकटा काका होता. आणि त्याला पूर्ण मधुकर म्हणणारी एकटी ती. 'म'वर जोर देऊन, उरलेलं नाव त्याच्यामागून घरंगळत आल्यासारखं ती म्हणायची. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या ताटात 'कोलाचे' नावाचा त्यांच्याकडचा प्रकार होता. फुगलेली गोल गोड भाकरीच म्हणा, मधे खळगा आणि खळग्यात काळपट सारण. आईनं संशयानं वास घेतला, बोटाच्या टोकानं सारण चाखलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी चकितच झाले. "अगं, खसखस!" ती मराठीतच ओरडली. मग तिनं कपाटातून खसखशीचा डबा काढला, यार्मिलाच्या नाकाखाली धरला, आणि यार्मिला "माक! माक!" म्हणत टाळ्या पिटायला लागली. त्यांच्याकडे खसखशीला माक म्हणतात. त्या दोघींना एकमेकींशी बोलण्यापुरतं इंग्रजी धड नव्हतं, पण त्या दिवशी आईनं तिला अनारसे कसे खसखशीवर थापतात ते हातानं करून दाखवलं, आणि तिनं आईला खसखस दुधात कशी शिजवायची ते दाखवलं. जाताना ती आईच्या गालाला गाल लावून गेली. आई नंतर कितीतरी वेळ गालाला हात लावून उभी होती. तिला त्या देशात तोवर कुणी जवळ घेतलंच नव्हतं.

मग शनिवार हा तिचा वार झाला. मागच्या अंगणात अक्रोडाच्या जातीचं पेकानचं झाड होतं, त्याखाली लोखंडी खुर्च्या. हवा इतकी दमट की कपडे वाळायचे नाहीत, पण संध्याकाळी जरा बसता यायचं. काका आणि ती साखरेवर वाद घालायचे. बिटाची श्रेष्ठ की उसाची. दोन वाट्यांत दोन साखरा घालून मला डोळे बांधून चाखायला लावायचे आणि मी काहीही सांगितलं तरी दोघंही हसायचे. तिला हातानं पोहे खायला त्यानं शिकवलं. ती शेंगदाणे वेचून बाजूला ठेवायची आणि शेवटी एकदम सगळे खायची. ते पाहून तोही तसं करायला लागला. शनिवारी दुपारी तो बूट पॉलिश करून मागच्या पायरीवर ठेवायचा, घरात बसायचं असूनही. आई ते बघायची आणि बाबांकडे पाहून भुवया उंचावायची. तिला राग नव्हता. एकदा भाजी चिरता चिरता ती बाबांना म्हणाली, "गोरी असली म्हणून काय झालं? घर माहीत असलेली बाई आहे. माईंना मी समजावीन." माई म्हणजे माझी आजी, तिकडे जयसिंगपूरला. आई तिला इतकं अवघड काही समजवायला तयार झाली होती, हे मला पुढं फार आठवत राहिलं.

ज्या शनिवारी सगळं फिरलं त्या दिवशी बाहेर पाऊस होता म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. आई पुरणपोळ्या लाटत होती, काका टेबलाशी चहा पीत होता आणि यार्मिला तव्यावरची पोळी उलटायला शिकत होती. मला शाळेत आडनावावरून चिडवायचे, त्याची तक्रार मी करत होते, आणि बोलण्यातून गोष्ट तिच्या नावावर आली. आईला कधीपासून विचारायचंच होतं. "ओवा म्हणजे काय, उर्मिला? ओवा, मीनिंग?"

यार्मिला विचार करत राहिली. तिला शब्द सापडेना. मग ती टेबलावरची कपबशी उचलून काकासमोर धरून म्हणाली, "धिस कप इज मधुकर'ज. कप ऑफ मधुकर. ओवा इज लाइक दॅट. ऑफ."

"मधुकरचा कप," काका म्हणाला.

"म्हणजे 'ची'!" आई एकदम म्हणाली. लाटणं तसंच हातात. "डोच्कलची. बरोबर ना, भावजी? सांगा तिला. आमच्यात 'ची' म्हणतात. डोच्कल-ची."

"ची," यार्मिला म्हणाली. "डोच्कलची! येस, येस. एक्झॅक्टली." भाषेतली बहीण सापडल्यासारखा तिला आनंद झाला होता. ती पुन्हा पुन्हा ते म्हणून बघत राहिली.

"आणि डोच्कल म्हणजे?" मी विचारलं.

याला तिला आणखी वेळ लागला. डोच्कल म्हणजे तो थांबला, ती म्हणाली, पण नुसता थांबला नाही. वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी ज्याची वाट पाहत होता ते आलं. वाट पाहून ज्याला मिळालं तो. त्यांच्याकडे अशी क्रियापदांची आडनावं असतात, तिच्याच गावात एक घराणं 'परत आला' होतं आणि एक 'घाई केली'. आम्ही हसलो. आणि मग, कशानं कोण जाणे, कदाचित बोलता बोलता आठवण आली म्हणून, तिनं पर्समधून एक फोटो काढून आईपुढे धरला. अरुंद चेहऱ्याचा, चष्मा लावलेला तरुण पुरुष, दारात सायकल धरून उभा. "यान," ती म्हणाली. "माय यान. यान डोच्कल."

आईनं पिठाचे हात पदराला पुसून फोटो घेतला. "व्हेअर?"

"देअर. दे डोन्ट गिव्ह पासपोर्ट. आय वेट." तिचे डोळे भरून आले होते. "आय वेट फॉर माय यान. लाइक माय नेम, नो?"

आईनं तिचा दंड धरला आणि तशीच उभी राहिली. तव्यावरची पोळी करपली. काकानं कप बशीत ठेवला, इतका हळू की आवाजच झाला नाही, आणि खिडकीबाहेर पाऊस बघत बसला.

आता मी हे लिहितेय ते अ‍ॅशबर्नला मुलाच्या घरी, खिडकीतून डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात तिथं बसून. आणि वाटतं, आम्ही तिघं तिथं होतो, एकालाही एक साधा प्रश्न कसा सुचला नाही? यान तुझा कोण? पण तो प्रश्न सुचावा अशी जागाच नव्हती. नाव डोच्कलची, फोटोतला माणूस डोच्कल. आई माहेरची शांता, लग्नात तांदळात बोटानं लिहून तिची सुनंदा झाली. तिच्या जगात बाईच्या नावाला 'ची' लागायची ती लग्नातच. मी स्वतः जन्मल्यापासून शैला विनायक अशी बापाचं नाव मधे घेऊन वावरत होते, म्हणजे मीही पाळण्यापासून कुणाची तरी होतेच की. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मागच्या पायरीवर बसला होता. आई त्याला चहा द्यायला गेली आणि मी जाळीच्या दाराआड केस विंचरत होते. आईचा आवाज अगदी मऊ होता. "भावजी, एक बोलू? राग मानू नका. ती बिचारी नवऱ्याची वाट बघतेय. तिचं मन चळेल असं आपल्याकडून काही व्हायला नको."

"नाही वहिनी," काका म्हणाला. "माझ्या ध्यानात आलं ते."

"तुमच्याबद्दल मला खात्री आहे हो. म्हणूनच बोलले."

त्यानं चहा घेतला आणि मान हलवली. एवढंच. पुढच्या शनिवारी यार्मिला आली तेव्हा त्याला कारखान्यात काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग कधी तो घरी असायचा, पण बाबांबरोबर गाडीचं बॉनेट उघडून बसायचा. नम्रपणे बोलायचा, तिच्याकडे न बघता. तिला आधी कळेना. ती मला विचारायची, "मधुकर इज इल?" मी खांदे उडवायचे. आई मात्र तिच्याशी पूर्वीपेक्षा जास्त मायेनं वागायला लागली, तिला डबे भरून द्यायची, नवरा लांब असलेल्या बाईला द्यावेत तसे.

हिवाळा संपता संपता ती एकदा मधल्या वारी आली, ताट न घेता. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी, तिथल्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये तिला जागा मिळत होती. काका नुकताच कामावरून आला होता, टाय सोडत होता. ती दारातच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, पण त्याच्याकडेच बघून म्हणाली, "मधुकर, यू टेल मी. शुड आय गो?"

आई गॅसजवळ होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी टेबलावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसले होते, आणि मला तेरा-चौदाव्या वर्षीही कळलं की हा प्रश्न नोकरीबद्दल नाही. काकानं टाय पूर्ण काढला, त्याची नीट घडी घातली. "इट्स अ गुड अपॉर्च्युनिटी," तो म्हणाला. "यू मस्ट गो, डोच्कलोवा."

तिनं पर्सचा बंद खांद्यावर सरकवला. मग म्हणाली, "येस. थँक यू." आणि आईला मिठी मारून गेली. आईनं तिच्याबरोबर डिंकाचे लाडू दिले. बस स्टेशनवर काका सोडायला गेला होता, बाबांबरोबर. परत आल्यावर तो जेवला, ताट घासून ठेवलं, आणि अंगणात जाऊन पाण्याच्या पाइपनं पेकानला पाणी घालत राहिला, जमिनीत चिखल होईपर्यंत. बाबांनी जाऊन नळ बंद केला.

पुढच्या हिवाळ्यात तो भारतात जाऊन लग्न करून आला. सुलभाकाकू इस्लामपूरची. मोकळ्या मनाची, गाणारी बाई. मला ती मनापासून आवडायची. त्यांचा संसार सुखाचा झाला, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो दुःखात जगला. तसं नव्हतं. त्यांना मुलगी झाली, त्यांनी आमच्याच गल्लीत घर घेतलं, काकू सकाळी पोळ्या लाटताना नाट्यगीतं म्हणायची आणि काका दाढी करताना मधेच तिला साथ द्यायचा.

योगायोग असा की मला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला तो स्टेट कॉलेजला. आम्ही चौघी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, विद्यापीठाच्या बसनं जायचो, आणि हळद-हिंगासाठी कुणी पिट्सबर्गला जातंय का याची वाट बघायचो. आईनं फोनवर सांगितलं, "उर्मिला तिथंच असेल बघ, शोध तिला." शोधायला वेळ लागला नाही. टेलिफोनच्या पुस्तकात डोच्कलोवा एकच होती. तिनं माझा आवाज ऐकून किंचाळीच मारली, आणि रविवारी जेवायला बोलावलं. "अँड यू विल मीट यान!" ती म्हणाली. "ही इज हिअर! दे लेट हिम कम फॉर अ मंथ!"

मी आनंदात गेले. वाटेत फुलं घेतली. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या नवऱ्याला पहिल्यांदा बघायचं म्हणून मी साडी नेसले होते, हे आज आठवलं तरी अंग आकसतं. दार याननं उघडलं. फोटोतलाच अरुंद चेहरा, आता टक्कल पडलेला. त्याच्यामागून यार्मिला आली, केस पांढरे झालेले, आणि दोघं शेजारी उभी राहिली तेव्हा मला दोन सारखी नाकं दिसली. सारखीच हनुवटी. दिसत होतं, पण अर्थ लागेना. जेवताना तिनं विचारलं, यान एकटाच का आला हे तू विचारलं नाहीस? मी विचारलं. तर म्हणे, त्याच्या बायकोला आणि मुलीला तिकडच्या सरकारनं येऊ दिलं नाही, तो परत यावा म्हणून.

"त्याच्या बायकोला?" मी म्हणाले.

"येस. माय सिस्टर-इन-लॉ. माय ब्रदर'ज वाइफ."

मी काटा खाली ठेवला. मी म्हणाले, तू डोच्कलोवा ना? डोच्कलची ना? तर ती हसली. "एव्हरी वुमन, शैला! मी पाळण्यात होते तेव्हाही डोच्कलोवा. बापावरून. माझी आई डोच्कलोवा, यानची बायको डोच्कलोवा, त्याची एवढीशी मुलगी डोच्कलोवा. आजोबा चेष्टेनं म्हणायचे, आपल्या घरात वाट पाहून मिळालं ते पुरुषांना. बायकांच्या वाट्याला नुसतं ओवा." मग तिनं पोटॅटो डंपलिंगचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मधुकर? ही इज वेल?"

मी सांगितलं, बरा आहे, लग्न झालं, मुलगी आहे. "गुड," ती म्हणाली. "दॅट्स गुड." ती अजून हसत होती. आणि मला राहवेना. मला तेव्हा बावीस-तेविसावं वर्ष, सत्य कळलं की ते सांगायचंच असतं असं वाटण्याचं वय. मी म्हणाले, "वी थॉट यान इज युवर हजबंड. ऑल ऑफ अस. काका टू."

ती आधी जोरात हसली. मग हसणं थांबलं, पण तोंड तसंच राहिलं. ती उठून सिंककडे गेली, ग्लासात पाणी घेतलं, प्यायली नाही. यानला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं तिला काहीतरी विचारलं, तिनं पाठमोरी राहूनच दोन वाक्यं सांगितली. तो चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागला, आणि मग स्वतःच्या हातांकडे, जणू चूक त्याचीच होती.

"आय थॉट," यार्मिला म्हणाली, "मला वाटलं तुमच्या लोकांत चालत नसेल. मी त्याला कधी दोष दिला नाही. मी विचारलं होतं ना त्याला, जाऊ का? दुसरं कसं विचारायचं होतं?" मग ती टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "डोन्ट टेल हिम. त्याची बायको आहे. प्लीज, डोन्ट टेल."

मी काकाला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं.  मग आई म्हणाली, "भाऊ होता?" आणि थोड्या वेळानं, "अगं, मी त्यांना सांगितलं होतं की ती नवऱ्याची वाट बघतेय. मी सांगितलं होतं." मी म्हणाले, आई, तुला काय माहीत असणार? तिनंच 'येस येस' म्हटलं होतं. आई म्हणाली, "सुलभाला कळता कामा नये. भावजींनाही नाही. तू शपथ घे." फोन ठेवताना तिचा आवाज अनोळखी झाला होता.

त्यानंतरची आई मला वेगळी आठवते. काका आला की ती त्याच्या ताटात वाढतच राहायची. त्याला आवडतं म्हणून उन्हाळ्यातही पुरण घालायची. सुलभाकाकूला तर ती सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त जपायची, त्यांच्या मुलीचं पुढचं सगळं बालपण आमच्या घरात गेलं. लोक कौतुक करायचे, जावा-जावांचं इतकं प्रेम कुठं बघितलं नाही म्हणायचे. प्रेम होतंच. पण कौतुक ऐकताना आई उठून आत जायची. त्या देशाच्या सीमा उघडल्यावर यार्मिला परत गेली, यानच्या घराजवळ राहायला. नाताळात तिची कार्डं मला यायची. आईला मी ती दाखवायचे नाही. पुढं कार्डं यायची थांबली. आधी सुलभाकाकू गेली, आणि मग काही वर्षांनी आई.

मागच्या मार्चमध्ये मी काकाकडे शुगर लँडला गेले होते. आता तो गाडी चालवत नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी त्याला घेऊन निघाले. वाटेत बंद पडलेल्या कारखान्याची विटांची उंच इमारत लागली. सिग्नल होता. तो इमारतीकडे बघत म्हणाला, "पेढे घेऊन गेलो होतो इथं, लग्न करून आलो तेव्हा. लॅबचा साहेब म्हणाला, मॅडी, आम्हाला तर वाटलं होतं तू जेरीशी लग्न करशील. मी म्हटलं, तिचा नवरा आहे ना तिकडे. तर म्हणतो, नवरा कुठला? भाऊ आहे तो. तिचं लग्नच झालेलं नाही."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. "काका, तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"हो तर. पेढ्यांचा बॉक्स हातातच होता." तो शांतपणे बोलत होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. "सुलभा घरी नवीन आलेली. तिची काय चूक? आणि वहिनींना कळलं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतं. म्हणून नाही बोललो कुणाजवळ. त्या गेल्या, आता काय, सांगितलं तरी चालेल."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की सिग्नल हिरवा झालाय. मी पुढं गेले आणि एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. काका म्हणाला, "इथं का? डॉक्टर पुढं आहेत." माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि त्याच्या आयुष्यात आधीच पुरेसे लोक गप्प राहिले होते असं मला वाटलं. आजही मला कळत नाही मी बरोबर केलं की नाही. मी म्हणाले, "काका, आईला माहीत होतं. मी स्टेट कॉलेजला होते तेव्हा मीच सांगितलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मोतीबिंदूनं दुधाळ झालेत. "म्हणजे केव्हापासून," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता काचेतून समोर बघत बसला. एक बाई ट्रॉली ढकलत आमच्यासमोरून गेली, तिच्या मुलानं ट्रॉलीच्या कडेला लोंबकळून आम्हाला हात केला. काकानंही त्याला हात केला.

"हॉस्पिटलमध्ये," तो म्हणाला, "शेवटी. तू चहा आणायला खाली गेली होतीस. वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, भावजी, मला माफ करा. मला काय माहीत? मला वाटलं, गुंगीत बोलताहेत. मी हसलो. म्हटलं, कशाबद्दल वहिनी, तुमच्या आमटीत मीठ जास्त पडायचं त्याबद्दल?"

"मग?"

"मग काय. त्याही हसल्या. आणि हात सोडला."